पासवर्ड बरोबर असूनही वर्ड-एक्सेल सारखं साइन-इन मागतं. विंडोज फॉरमॅट करावी का?

नाही. मुळीच करू नका. "टेक्निशियन म्हणतो फॉरमॅटच करावं लागेल" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी फोंड्याला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब सांभाळते. आमचं मायक्रोसॉफ्ट ३६५ चं, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या वर्गणीचं, खातं ज्या मुलानं उघडून दिलं, तो पुढे बोटीवर लागला. महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायची गडबड, आणि नेमकं त्याच दिवशी एक्सेलनं साइन-इन मागितलं. पासवर्ड चालला, पण पुढे कोड हवा. कोड कुठल्या नंबरावर पाठवला ते खिडकीत लिहिलेलं असतं: सगळे आकडे झाकलेले, शेवटचे दोन तेवढे उघडे. ते दोन आकडे ऑफिसातल्या कुणाच्याच मोबाइलचे नव्हते. मी टेक्निशियनला ते बोट ठेवून दाखवलं. कोड त्या मुलाच्या फोनवर जातोय, मशीनला काही झालेलं नाही, असंही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "बाय, तूं तुजे हिशेब पळय." म्हणजे तू तुझे हिशेब बघ. पात्रांवही, म्हणजे आमचे मालकही, त्याच्याच बाजूनं.

झालं फॉरमॅट. डेस्कटॉपवर ठेवलेल्या अशिलांच्या खरेदीच्या याद्या गेल्या. टॅली, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं नव्यानं घालण्यात दिवस गेला. रिटर्न मी शेजारच्या मशीनवरून भरलं. संध्याकाळी एक्सेल उघडलं तर तीच खिडकी आणि तेच दोन आकडे! दुसरं काय होणार होतं? खातं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, कोडचा नंबरही तिथंच. इथली डिस्क पुसून तो बदलत नाही. शेवटी पणजीच्या ज्या विक्रेत्याकडून वर्गणी घेतली होती, त्याच्याकडे अ‍ॅडमिनचे, म्हणजे खात्यात बदल करण्याचे, अधिकार निघाले. त्यानं जुनी पडताळणी काढून आमच्या नंबराची नवी नोंद करून घेतली. मशीनला हातही लावावा लागला नाही.

आता तुमचं. ब्राउझरच्या प्रायव्हेट खिडकीत त्याच खात्यानं साइन-इन करून बघा. तिथंही अडलं तर दोष बहुधा खात्यात आहे, अ‍ॅडमिनला गाठा. तिथं सुरळीत झालं तर मशीनवर साठलेली जुनी ओळख नडतेय. वर्ड, एक्सेल, आउटलुक बंद करा, कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्टऑफिस१६' नं सुरू होणाऱ्या नोंदी काढा आणि पुन्हा साइन-इन करा. एकाच ईमेलवर ऑफिसचं आणि घरगुती अशी दोन खाती असतील तर साइन-इन करताना कुठलं ते विचारतं, तिथं ऑफिसचंच निवडा. घड्याळही बघा. आपल्याकडे पावसात वीज जाते-येते, त्यात मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला की तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि सुरक्षित जोडणीच होत नाही.

ऑफिसचं खातं नोकरीला असलेल्या एका माणसाच्या खासगी मोबाइलवर बांधू नये, हे मी खातं उघडतानाच म्हटलं होतं. ऑफिसचं वेगळं सिम घ्या आणि अ‍ॅडमिन दोघं ठेवा. माणसं बोटीवर जातात, लग्न होऊन जातात, दुसरी नोकरी धरतात. रिटर्नची तारीख कुणासाठी थांबत नाही.

एक राहिलं. मशीन कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यातलं असेल तर सेटिंग्जमधलं 'वर्क ऑर स्कूल' खातं त्यांना न विचारता काढू नका. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, फाइली पूर्ण चढल्यात का तेही आधी बघा. आणि टीपीएमची (मशीनमधल्या सुरक्षा चिपची) चूक दाखवत असेल तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय काहीही पुसू देऊ नका.

टेक्निशियनला एवढंच विचारा, कोड कुठल्या नंबरावर जातो? सांगता आलं नाही तर त्याला मशीन उघडू देऊ नका.