५२ व्या वर्षी, शुगर आणि स्टेंट घेऊन अमेरिकेत येताय तर

तुम्ही विचारलंय की वय ५२, शुगर आहे, गेल्या वर्षी स्टेंट टाकलाय, न्यू जर्सीची एच-१बी वरची (कंपनीने काढून दिलेला कामाचा व्हिसा) ऑफर हातात आहे आणि कंपनी चांगला इन्शुरन्स देतेय, मग अडचण काय. उपचारांची अडचण नाहीच हो, ते इथे उत्तम होतात. पण नोकरी, व्हिसा आणि इन्शुरन्स हे तिन्ही एकाच खुंटीला टांगलेलं असतं, आणि आपल्या वयात ती खुंटी कधी निघेल ते आपल्या हातात नसतं.

माझा लेऑफ ५८ व्या वर्षी झाला, रक्ताच्या कॅन्सरची गोळी रोज चालू असताना. आमच्या प्लॅनमध्ये कव्हर त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला बंद. पुढच्या आठवड्यात फार्मसीत गेलो तर काउंटरवरच्या मुलीने दोनदा नंबर टाकून बघितला, इनअ‍ॅक्टिव्ह दाखवतंय म्हणाली, मग रोखीची किंमत सांगितली आणि गोळ्यांची पिशवी परत मागच्या कप्प्यात ठेवून दिली. बायकोने तिथेच खुर्ची ओढली आणि बसली.

नंतर कोब्रा घेतलं, म्हणजे तोच प्लॅन १८ महिन्यांपर्यंत ठेवता येतो पण कंपनीचा हिस्सापण आपणच भरायचा, वर २ टक्के, भयंकर महाग पडतं. ठरवायला ६० दिवस मिळतात आणि प्रीमियम भरला की मागच्या तारखेपासून लागू होतं, त्यामुळे मधली बिलं क्लेम करता येतात. दुसरा रस्ता मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतःहून इन्शुरन्स विकत घ्यायचा सरकारी बाजार, तिथे २०१४ पासून जुन्या आजारावरून कोणी नाही म्हणू शकत नाही, हा फार मोठा आधार आहे.

पण मी ग्रीन कार्डवर होतो म्हणून हे सगळं करत बसू शकलो. तुम्हाला एच-१बी वर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस, तेवढ्यात नव्या कंपनीने पिटिशन फाइल करायला हवी नाहीतर परत जायची तयारी. ग्रीन कार्डच्या भरवशावर येऊ नका, ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या वर्गांमध्ये भारतीयांची रांग दहा वर्षांच्या वर आहे. मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी इन्शुरन्स, ६५ ला, तेपण पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) फुकट हवा तर साधारण १० वर्षं काम लागतं.

म्हणून हात जोडून सांगतो, तिकडची मेडिक्लेम पॉलिसी बंद करू नका, इथून प्रीमियम भरत राहा. परत गेल्यावर नवी काढायला गेलात तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लावतात, स्टेंट बघून नाकारूही शकतात. सगळे रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडीसुद्धा, सोबत आणा. ऑफर घेताना एचआरला लेखी विचारा की नोकरी सुटली तर कव्हर कोणत्या तारखेला संपतं.

आणि कधी सेव्हरन्सचा, म्हणजे काढताना पैसे देऊन करायच्या कराराचा, कागद पुढे आलाच तर मीटिंगमध्ये सही करू नका. ४० च्या वरच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडून घ्यायचा असेल तर कायद्याने विचाराला २१ दिवस द्यावे लागतात, बऱ्याच जणांना एकदम काढलं असेल तर ४५, आणि सहीनंतरही ७ दिवसांत मागे घेता येते. ते दिवस वकिलाला दाखवायला वापरा.