ओटा कुणाच्या उंचीचा?

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे एकाच तक्रारीची रांग लागते. "गणपतीच्या आत किचनचं काम उरकायचंय आणि घरात रोज वाजतंय." कुणाचा नवरा चिक्कू असतो, कुणाच्या बायकोला आकडे कळत नसतात, कुणाच्या सासूबाई प्रत्येक गोष्टीत मोडता घालतात. मग प्रश्न येतो: मॅडम, बजेट नक्की किती धरायचं? हे इंटिरिअरवाल्याला सोडून माझ्यासारख्या कुटुंब-समुपदेशकाला का विचारतात, याचं पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही.

कोथरूडमधल्या एका घराचं सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. अनघा आयटीत, मिलिंद बँकेत, मिलिंदच्या आई सत्तरीच्या. फ्लॅट जुना, ओटा कडप्प्याचा, सिंकमधून झिरपून खालच्यांच्या छताला ओल आलेली. काम करायचं याबद्दल दुमत नव्हतं. चार लाख ठरले होते. पण नुसत्या ट्रॉल्या आणि कपाटांचं कोटेशनच चार लाख दहा हजारांचं आलं. त्यात तोडफोड, प्लंबिंग, टाइल्स, वायरिंग यांतलं काही नव्हतं, आणि खाली बारीक अक्षरात '18 टक्के जीएसटी वेगळा'.

मिलिंदने लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. अनघाने फोनवर साठवलेले फोटो दाखवले. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं काय, करा तुम्हाला हवं ते. कडप्पा अजून वीस वर्षं हलणार नाही, एवढंच आपलं सांगितलं."

"हे असं," अनघा म्हणाली. "हो पण म्हणायचं आणि नाही पण."

एकेकाला बाजूला घेऊन दोष शोधत बसणाऱ्यांतली मी नाही. अख्खं घर एकत्र बसवलं की मगच दुखणं दिसतं, असं मी शिकले आणि तेच वर्षानुवर्षं अनुभवते आहे. घरात जो सगळ्यांत कमी बोलतो, त्याच्याभोवतीच बहुतेक वेळा वाद फिरत असतो. म्हणून मी लॅपटॉप मिटायला लावला आणि तिघांना कोरे कागद दिले. "सकाळी सहा ते आठ तुमचे हात स्वयंपाकघरात काय काय करतात, तेवढंच लिहा. काय हवं, काय नको, ते आज नको."

मिलिंदच्या कागदावर एकच ओळ: 'पाण्याच्या बाटल्या भरतो.' वाचताना त्यालाच हसू आलं. खर्चाची तिजोरी सांभाळणारा माणूस त्या खोलीत दहा मिनिटंही नसतो, हे मला बोलावं लागलं नाही. अनघाने अर्धं पान लिहिलं होतं: कुकर, दोन डबे, मिक्सर लावायचा तर आधी मायक्रोवेव्हचा प्लग काढायचा. आईंचं पान मात्र दोन्ही बाजूंनी भरलं होतं. दूध, चहा, कणीक, देवाचा नैवेद्य, पोळ्या. आणि सगळ्यांत शेवटी, 'नवा ओटा 34 इंच.'

"हे काय, आई?"

"त्या ड्रॉइंगवर लिहिलंय. मी टेप लावून बघितलं. आत्ताचा 30 आहे. 34 वर लाटायचं तर माझे खांदे कानाला लागतील. म्हणजे पोळ्यांना बाई येणार आणि मी हॉलमध्ये टीव्हीसमोर."

अनघा जरा थांबून म्हणाली, "इंटिरिअरवाल्याने विचारलं, स्वयंपाक कोण करतं? मी पटकन 'मी' म्हटलं. त्याने माझ्या कोपराची उंची घेतली."

इथे गाठ सुटली. आई कडप्प्याची बाजू घेत नव्हत्या. ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या. मला या घरात अजून काम आहे का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विचारायची सोय नसल्यामुळे त्या खर्चाला विरोध करत होत्या. अशा वेळी आकडे कितीही कापा, भांडण कमी होत नाही. कोटेशनच्या मागे दडलेला असा प्रश्न ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो. माझा झालाय, असं आता म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरचं मी बऱ्याच घरांना सांगते. आधी आकडा ठरवा, मग फोटो बघा. उलटं केलंत तर फोटोच आकडा ठरवतो. ठरलेल्या रकमेतले दहा ते पंधरा टक्के आधीच बाजूला काढा, कारण भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते गवंड्यालाही ठाऊक नसतं. आणि त्या पैशाला कुणाच्या होकाराने हात लावायचा, तेही आत्ताच ठरवा. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आधी खर्च करा: पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, ओव्हन-इंडक्शनसाठी 16 अँपिअरचे पॉइंट. सिंकखालच्या कपाटाला 'आयएस 710' शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लायवूड घ्या. वरची शटर्स पाच वर्षांनी बदलली तरी चालतात. सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, राडारोडा उचलायचा खर्च, काम चालू असताना बाहेरून येणारा डबा, हे सगळं त्याच कागदावर लिहा. आणि तोडफोड सुरू झाल्यावर 'हेही करून घेऊ' म्हणायचं नाही. सगळ्यात महाग वाक्य तेच.

या घराने ॲक्रिलिकऐवजी लॅमिनेटची शटर्स घेतली, कोपऱ्यातलं फिरतं युनिट आणि उंच कपाट सोडून दिलं. मुख्य ओटा 34 इंचांवरच राहिला. खिडकीशी तीन फुटांचा तुकडा 30 वर घेतला, पोळ्यांसाठी. भिंतीत गंजलेला लोखंडी पाइप निघाला, तो राखीव पैशातून बदलला. तरी थोडे उरले. त्यावरून तिघांत पुन्हा जुंपल्याचं अनघाने नंतर फोनवर सांगितलं: चिमणी घ्यायची की पाण्याचा फिल्टर. काय घेतलं ते मला अजून माहीत नाही. त्यासाठी त्यांनी माझी वेळ मागितली नाही, याचाच मला जास्त आनंद झाला.