चूक दाखवायची, पण कोणत्या शब्दांत?

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे नवे संकेतस्थळ एका कार्यकर्त्याच्या महाविद्यालयीन मुलीने विनामोबदला तयार केले आहे. ते दिसायला सुरेख आहे. परंतु आमच्या एका दृष्टिहीन सभासदांना स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) त्यातले फारसे काही कळत नाही. अभिप्राय लिहिण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. मुलीचा उत्साह न मोडता तो कसा लिहावा?

उत्तर : ‘संकेतस्थळ दिव्यांगस्नेही नाही’ एवढेच लिहू नका. ते खरे असले, तरी नेमके काय बदलायचे, हे त्यावरून तिला कळणार नाही. प्रत्येक मुद्द्यात कोणते पान, कोणाचे काय अडले आणि त्यावर उपाय कोणता, हे आले पाहिजे. उदाहरणार्थ : ‘नव्या पुस्तकांची यादी छायाचित्राच्या रूपात असल्यामुळे स्क्रीन रीडरला तिच्यातील नावे वाचता येत नाहीत, ती युनिकोडमध्ये टंकित केल्यास ऐकताही येईल आणि तिच्यात शोधही घेता येईल.’

मराठी संकेतस्थळांवर आणखी एक दोष वारंवार आढळतो. तयार साचा वापरला की पानाची भाषा पुष्कळदा इंग्रजी अशीच नोंदलेली राहते, आणि मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करण्याची शक्यता असते. तिथे मराठीची ‘एमआर’ ही खूण घातली की काम होते. तुमच्या सभासदांची तक्रार बहुधा इथेच असेल, म्हणून हे आधी तपासा.

स्वतःची आवड आणि मानक यांची मात्र गल्लत करू नका. ‘राखाडी अक्षरे उठून दिसत नाहीत’ यावर वाद होऊ शकतो. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर ९९९९९९ या क्रमांकाच्या राखाडी रंगाचे उठावाचे गुणोत्तर (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे माप) सुमारे २.८ भरते आणि डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागते, असे लिहिले की वादाला जागा उरत नाही. ७६७६७६ हा थोडा गडद राखाडी ती अट पूर्ण करतो. ही अट २००८ च्या २.० आवृत्तीपासून आहे आणि २०२३ च्या २.२ मध्येही कायम आहे. मुखपृष्ठावरचा फिरता चित्रपट्टा तुम्हाला भडक वाटतो का, हे पत्रात नको; तो थांबवण्याची सोय आहे का, एवढेच विचारा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा धाकही नको. तो ठेकेदारासाठी राखून ठेवावा. जे चांगले आहे, तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा : मथळे योग्य पातळ्यांत बांधले असतील, तर तसे नोंदवा, म्हणजे दुरुस्तीच्या भरात ते बिघडणार नाहीत.

पत्र बैठकीत मांडण्याआधी तिच्या हाती द्या आणि शक्य झाल्यास त्या सभासदांशेजारी तिला अर्धा तास बसवा. स्वयंचलित तपासणीला चित्राचे वर्णन आहे की नाही एवढे कळते; ‘फोटो १’ हे वर्णन कुचकामी आहे, हे त्यांच्या शेजारी बसल्यावर तिला ऐकूनच कळेल.