हापूस ही प्रजाती, उपजात की वाण?

प्रश्न : एका लेखात 'हापूस ही आंब्याची प्रजाती' असं वाचलं, दुसऱ्या लेखात 'उपजात' होतं आणि रोपवाटिकेच्या पाटीवर 'वाण'. बरोबर काय? उपजात नक्की कशाला म्हणायचं?

उत्तर : रोपवाटिकेची पाटी बरोबर आहे. आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. हापूस, पायरी, केसर, तोतापुरी हे सगळे याच एका जातीतले, माणसानं निवडून कलमांवर टिकवलेले वाण. हापूसची कोय रुजवली तर झाड आंब्याचंच येतं, पण फळ हापूसचं येईलच असं नाही. कोयीत पराग देणाऱ्या झाडाचेही गुण उतरतात.

उपजात निसर्गात घडते. एकाच जातीचे प्राणी निरनिराळ्या प्रदेशांत विभागले गेले आणि त्यांच्या रंगारूपात ओळखू येण्याइतका फरक पडला, तरी जात तीच राहिली, तर त्या गटांना उपजाती म्हणतात. प्राण्यांत हे नाव तीन शब्दांचं असतं. आपला हत्ती एलिफस मॅक्सिमस इंडिकस, श्रीलंकेतला एलिफस मॅक्सिमस मॅक्सिमस. इथं 'मॅक्सिमस' दोनदा आला म्हणून मुद्रितशोधक एक खोडून टाकतात. कृपया खोडू नका! ज्या उपजातीवरून मूळ जातीचं नाव पडलं, तिच्या नावात तो शब्द दोनदा येतोच.

वनस्पतींत मात्र वर्गीकरणाच्या पायरीचं नाव ('उपजाती', 'प्रकार') मध्ये लिहावंच लागतं : भाताच्या ओरायझा सटायव्हा उपजाती इंडिका आणि उपजाती जॅपोनिका. उपजातीच्या खाली 'प्रकार' येतो. कोबी (प्रकार कॅपिटॅटा), फ्लॉवर (प्रकार बॉट्रिटिस) आणि नवलकोल (प्रकार गाँगायलोडिस) हे तिन्ही ब्रॅसिका ओलेरॅसिया याच जातीचे.

खरा घोळ 'प्रजाती'चा. मराठी विश्वकोशात शास्त्रीय नावाचा पहिला शब्द म्हणजे प्रजाती आणि दोन्ही शब्द मिळून जाती. वर्तमानपत्रं मात्र जातीलाच प्रजाती म्हणतात. आम्हाला विश्वकोशाची पद्धत पटते, कारण तिच्यात दोन्ही पायऱ्यांना स्वतंत्र शब्द आहे. कुठलीही पाळा, पण एका लेखात एकच, आणि पहिल्या उल्लेखाला शास्त्रीय नाव द्या. उपजातींची यादी बदलत असते, हेही ध्यानात ठेवा : गीरचा सिंह पूर्वी पँथेरा लिओ पर्सिका होता, 2017 च्या फेरमांडणीत तो पँथेरा लिओ लिओमध्ये गेला.

प्रश्न : मग खिलार आणि देवणी या गाईच्या उपजाती का?

उत्तर : नाहीत. त्या माणसानं पैदाशीतून घडवल्या. पशुपालनात त्यांना 'जात'च म्हणतात, तिथं तोच शब्द ठेवावा. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत उपजातीच्या खाली पायरीच नाही, त्यामुळे खिलारला वेगळं शास्त्रीय नाव शोधू नका.