दुपट्याला काकवीचा वास

प्रश्न : आमचं पहिलं बाळ दहाव्या दिवशी गेलं. चार दिवस छान प्यायलं, मग दूध ओढेना, निपचित पडून राहायचं, मधेच अंग ताठ करायचं. रक्तात जंतू झालेत, असं दवाखान्यात सांगितलं. मला मात्र त्याच्या ओल्या दुपट्याला काकवीचा वास यायचा. सासूबाई म्हणाल्या, शेजारी गुऱ्हाळ आहे, त्याचाच असेल. मिस्टर माझ्या सख्ख्या मामांचा मुलगा. आता दुसरा चान्स घ्यायचाय. डीएनए तपासून काही कळेल का? की माझ्या दुधातच दोष होता?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, दुधात काही दोष नव्हता. हे आधी घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्या वासासाठी. १९५४ साली अमेरिकेत मेंकीस नावाच्या डॉक्टरांनी एकाच घरातली चार तान्ही मुलं अशीच गेल्याचं नोंदवलं. त्यांच्या लघवीला मेपल नावाच्या झाडाच्या रसाच्या गोड पाकासारखा वास होता, म्हणून आजाराचं नाव ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ पडलं. सांगलीत सापडला असता तर काकवीचंच नाव लागलं असतं. दुधातल्या, किंबहुना कुठल्याही प्रथिनातल्या ल्युसिनसारख्या तीन घटकांचं पुढचं पचन या बाळांना जमत नाही. ते साठतात आणि मेंदूला विषारी ठरतात. पहिले काही दिवस बाळ ठणठणीत, आणि मग जंतुसंसर्गासारखंच चित्र. मिरजेत प्रॅक्टिस करताना अशा एका बाळाला मी स्वतः सात दिवस अँटिबायोटिक देत बसलो होतो. त्याची आजी वासाबद्दल सांगत होती. मी ऐकलं नाही.

तरी तुमच्या बाळाला हेच होतं, असं मी म्हणणार नाही. ते डीएनए ठरवू शकेल. टाचेतून रक्त घेऊन जाड कागदावर वाळवलं होतं का, दवाखान्यात विचारा. ते कार्ड जपून ठेवलेलं असेल तर त्यातूनही डीएनए निघतो. नसेल तर तुम्हा दोघांचं रक्त द्यायचं. त्यावर एक्झोम नावाची तपासणी होते. तिच्यात डीएनएचा जेमतेम एक-दोन टक्के भाग वाचतात, पण प्रथिनं बनवण्याची कृती तिथेच लिहिलेली असते. या आजाराला कारण ठरणारी मुख्य जनुकं तीन. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट. सख्ख्या आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं समाईक असतात, त्यामुळे एकाच आजी-आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत दोघांकडे असू शकते. तशी निघाली तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. पहिलं बाळ गेलं म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब मात्र नसतो.

रिपोर्टमध्ये कधी ‘अर्थ न लागलेला बदल’ असं येतं. तेवढ्यावर कुठलाच निर्णय घेऊ नका. जनुकाचा मोठा तुकडाच गळला असेल तर तो या तपासणीतून निसटू शकतो, म्हणून कोरा रिपोर्ट म्हणजे निर्धास्त झालो असंही नाही. जनुकतज्ज्ञ लागतोच, मुंबईच्या केईएममध्ये सोय आहे. आणि हे सगळं दिवस जाण्याआधी करा. बदल नक्की कळला असेल तर अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा घेऊन बाळाचं सांगता येतं. (मुलगा की मुलगी, हे कायद्याने सांगत नाहीत, विचारूही नका.) पुढे जायचं ठरवलंत तर बाळाला पहिल्या दिवसापासून ल्युसिनविरहित खास दूध मोजून देता येतं. अशी मुलं जगतात.

जाताना डिस्चार्जचा कागद न्या. आजोळी कुणाची बाळं पहिल्या पंधरवड्यात गेली, ते आईला विचारून लिहून न्या. आणि बाळंतपणात मेथीचे लाडू खात होता का, हेही आठवून सांगा. मेथीमुळेही बाळाच्या लघवीला अगदी तसाच वास येतो.