पाठीच्या कण्यात स्क्रू-रॉड असतील तर एमआरआयमध्ये मज्जारज्जू स्पष्ट कसा दिसेल?

इम्प्लांट एमआरआयला चालतो ना, हे आधी कागदपत्रांत पाहा. मग ३ ऐवजी १.५ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) मशीन घ्या, आणि स्कॅनच्या पद्धतींपैकी (सिक्वेन्स) धातूने जास्त बिघडणारी ग्रेडियंट एको टाळून फास्ट स्पिन एको वापरा. रिसीव्हर बँडविड्थ (सिग्नल टिपण्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) दुप्पट केली की धातूमुळे प्रतिमेत येणारी विकृती निम्मी होते; पण सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ३० टक्के घसरते, ते अ‍ॅव्हरेज (तोच सिग्नल पुन्हा घेऊन सरासरी काढणे) दुप्पट करून भरून निघते. स्लाइस ३ मिमी ठेवा. नेहमीचे फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबणे) इथे हमखास फसते, कारण धातूजवळ चरबीची फ्रिक्वेन्सीच सरकलेली असते. त्याऐवजी स्टर (STIR, चरबी दाबणारी दुसरी पद्धत) घ्या (गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर मात्र नको, तेव्हा आधी-नंतरच्या टी१ प्रतिमांची वजाबाकी बरी). फ्रिक्वेन्सी-एन्कोडिंगची दिशा (प्रतिमेतला ज्या अक्षावर जागा फ्रिक्वेन्सीने ओळखली जाते तो) स्क्रूच्या लांबीला समांतर हवी. तरीही भागले नाही तर सेमॅक किंवा मॅव्हरिक (धातूची विकृती कमी करणाऱ्या खास पद्धती). वेळ बराच वाढतो, रुग्ण हलला की सगळे वाया. स्टेनलेस स्टील असेल तर टायटॅनियमइतक्या स्वच्छ चित्राची अपेक्षा नको.