दशमांश, प्रथमफळ आणि दान

एका वाचकाने विचारलं आहे : चर्चमध्ये 'दशमांश' आणि 'प्रथमफळ' हे दोन्ही शब्द ऐकू येतात, ते एकच का? आणि सरळ 'दान' का म्हणत नाहीत?

आधी दानाचं बघू. ख्रिस्ती मराठीत हा शब्द आहेच, पण त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. गरिबाला देतो तो 'दानधर्म'. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असं येशूने सांगितलं ते त्याबद्दल. देवाकडून माणसाला मिळतं ते 'कृपादान'. माणसाकडून देवाकडे जातं त्याला मात्र 'अर्पण' म्हणतात. ज्याचं सगळं आहे त्याला आपण दान काय देणार, ही त्यामागची भावना, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

'दशमांश' म्हणजे दहावा भाग. 'दशांश'ही चालतो, पण शाळेतल्या दशांश चिन्हामुळे तो गणिताचा वाटतो. मोशेच्या नियमशास्त्रात हा ऐच्छिक नव्हता. इस्राएलच्या वंशांपैकी लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नव्हता, मंदिराची सेवा हेच त्यांचं काम. म्हणून बाकीच्या वंशांचा दशमांश त्यांना मिळे, आणि त्यातलाही दहावा भाग ते याजकांना, म्हणजे पुरोहितांना, देत. म्हणजे हा हक्काचा वाटा. आपल्याकडची सरदेशमुखीही दहा टक्केच होती आणि तिलाही कुणी दान म्हटलं नाही. मलाखी संदेष्टा दशमांश न देण्याला देवाला ठकवणं म्हणतो, ते यामुळेच. तो 'भांडारात' आणायला सांगतो, कारण तेव्हा दशमांश प्रामुख्याने धान्याचा असे.

'प्रथमफळ' निराळं. दशमांशात प्रश्न किती, प्रथमफळात प्रश्न केव्हा. इस्राएली शेतकऱ्याने पहिलं पीक टोपलीत घालून याजकापुढे न्यायचं आणि आपले पूर्वज मिसर देशात गुलाम होते, देवाने त्यांना सोडवून ही भूमी दिली, हे तोंडाने बोलून दाखवायचं, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात आहे. बाकीचं पीक अजून शेतात उभं आहे, पुढे पाऊस कसा पडेल माहीत नाही, अशा वेळी दिलेलं ते प्रथमफळ.

गोव्यात हे आजही डोळ्यांनी बघता येतं. साष्टीतल्या राय गावी 5 ऑगस्टला 'कणसांचें फेस्त' असतं. पाद्री शेतात जाऊन विळ्याने भाताची पहिली कणसं कापतात, ती आशीर्वादित होतात आणि मग लोक ती घरी नेऊन अल्तारावर ठेवतात. कोकणीत याला 'नवें' म्हणतात, आणि गोव्यातल्या हिंदू घरांतही नव्या कणसांचा सण 'नवें'च. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत भात रांधायला घेताना मूठभर तांदूळ चर्चसाठी आधी बाजूला काढतात. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. शेवटी उरलेला भात नव्हे, भांडं चुलीवर चढण्याआधीचा तांदूळ.

'देवाच्या कामाला पहिलं स्थान' असं जे म्हणतात, ते म्हणूनच माझ्या मते 'प्रथमफळ' या शब्दात अधिक चांगलं उतरतं. घरभाडं, हप्ते, किराणा सगळं भागवून महिनाअखेरीस काढलेली रक्कम हिशेबाने दशमांश भरेलही, पण तिला प्रथमफळ म्हणता येणार नाही. उलट नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून आधी देवाचं काढणारा, रक्कम कितीही असो, प्रथमफळच देतो. नव्या करारात टक्केवारीची सक्ती नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला दुसऱ्या पत्रात आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे आणि आनंदाने द्या म्हणतो. पण आधी काढून ठेवायला तोही त्यांना पहिल्या पत्रात सांगतो : दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी. त्याच पहिल्या पत्रात मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्तालाही त्याने 'प्रथमफळ' म्हटलं आहे, कारण मागून येणाऱ्या सगळ्या पिकाची ती खूण.

लिहिताना हा शब्द जोडून लिहावा, नपुंसकलिंगी : 'प्रथमफळ दिलं', 'उत्पन्नाच्या प्रथमफळाने'.